बिनटाक्याचा उपचार

गुडघा दुखू लागला की आपल्या घरांत पहिला सल्ला मिळतो तो जिने चढू नकोस हा. मग मांडी घालून बसू नकोस, खाली बसून भाजी निवडू नकोस, कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही चालत जाऊ नकोस, अशी नकारांची यादी वाढत जाते आणि वर्षभरात त्या माणसाचे पाय काटकुळे होऊन जातात. दुखणे मात्र असते तिथेच असते. अशा वेळी कोणीतरी ‘आता वाटी बदलूनच टाका’ असे म्हणते आणि सगळ्यांना एकदम मोकळे वाटते, कारण काहीतरी ठोस उपाय सापडलेला असतो. घरी पडून राहणे आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर आडवे होणे या दोन टोकांच्या मध्ये उपचारांचा फार मोठा पल्ला आहे. त्याची जाहिरात कोणी करत नाही, त्यासाठी विमा कंपनीकडून पैसे बहुधा मिळत नाहीत आणि तो घेतलेल्या माणसाच्या अंगावर दाखवायला टाक्याची खूणही उरत नाही. मी गेली काही वर्षे या पल्ल्यातून चालते आहे, म्हणून त्याविषयी लिहावेसे वाटले.

मी डॉक्टर नाही. माझी सारी नोकरी माध्यमिक शाळेत गणित शिकवण्यात, म्हणजे फळ्यासमोर उभे राहण्यात गेली. पन्नाशी उलटल्यावर डावा गुडघा आतल्या बाजूने दुखू लागला. चढताना कमी, उतरताना जास्त, आणि रात्री कूस बदलताना एक बारीक कळ. एमआरआय झाला आणि अहवालात मेनिस्कसच्या, म्हणजे गुडघ्यातल्या एका चकतीच्या, मागच्या भागात ‘ग्रेड थ्री टेअर’, म्हणजे चीर, असल्याचे लिहून आले. ज्या पहिल्या सर्जनकडे गेले त्यांनी ते चित्र उजेडासमोर धरून पाहिले, गुडघ्याला मात्र हात लावला नाही, आणि दूरबिणीने फाटका तुकडा काढून टाकू म्हणून तारीखही सुचवली. दुसऱ्यांनी चित्र बाजूला ठेवले, मला चालायला लावले, गुडघा वाकवून, फिरवून, दाबून पाहिला आणि एकच प्रश्न तीन प्रकारे विचारला: गुडघा कधी अडकून बसतो का, म्हणजे वाकलेला सरळच होत नाही असे होते का? तसे होत नव्हते. त्यांनी फिजिओथेरपीची चिठ्ठी लिहून दिली आणि म्हणाले, ‘‘तीन महिने हे मनापासून करा, मग पुढचं बोलू.’’

त्या वेळी मला हे टाळाटाळीचे उत्तर वाटले होते. फाटले आहे, ते दिसते आहे, मग शिवायचे किंवा कापायचे नको का? पुढे वाचत गेले तसे लक्षात आले की गोम नेमकी ‘दिसते आहे’ या शब्दांतच आहे. मेनिस्कस म्हणजे मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये बसवलेल्या, चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चकत्या. त्यांच्या बाहेरच्या कडेला तेवढा रक्तपुरवठा असतो, आतल्या भागाला जवळजवळ नाहीच. त्यामुळे वय वाढते तशा त्या आतून विरत जातात. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावी पन्नास ते नव्वद वयाच्या ९९१ सर्वसाधारण माणसांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढण्यात आले आणि २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ही माणसे दुखते म्हणून दवाखान्यात आलेली नव्हती. ज्यांच्या चकत्या फाटलेल्या आढळल्या त्यांतल्या ६१ टक्के लोकांना आधीच्या महिनाभरात त्या गुडघ्यांत ना दुखले होते, ना ते आखडले होते. म्हणजे उतारवयात दुखणारा गुडघा आणि फाटलेली चकती एकत्र सापडली, तर दुसरीमुळे पहिले घडले असे गृहीत धरता येत नाही. दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे मी नववीच्या मुलांना कितीदा तरी सांगितले होते. स्वतःच्या अहवालाला ते लावून पाहायला मात्र एका सर्जनने भाग पाडले.

तरीही तुकडा काढल्यावर माणसांना बरे वाटते, ते का, हा प्रश्न उरतोच. त्याचा छडा लावण्यासाठी काही डॉक्टरांनी जे केले ते वाचताना मी अक्षरशः सरसावून बसले. ह्यूस्टन शहरात ब्रूस मोझली या सर्जनने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघ्याची झीज झालेल्या १८० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट पाडले. दोन गटांची दूरबिणीने खरी शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या गटाच्या गुडघ्यावर फक्त त्वचेला चिरा दिल्या, अवजारे मागवली, पाण्याचा आवाज केला आणि टाके घातले. आपल्या वाट्याला कदाचित लुटुपुटीची शस्त्रक्रिया येईल हे आपल्याला माहीत आहे, असे प्रत्येकाने आधी स्वतःच्या हाताने लिहून दिले होते. पुढची दोन वर्षे तिन्ही गटांचे दुखणे मोजले गेले आणि खऱ्या शस्त्रक्रियेचे गट खोट्या शस्त्रक्रियेच्या गटापेक्षा कधीही सरस ठरले नाहीत. हे २००२ साली प्रसिद्ध झाले. मग २०१३ मध्ये फिनलंडच्या डॉक्टरांनी, सांध्याची झीज नाही पण चकती वयोमानाने फाटली आहे अशा १४६ जणांवर, म्हणजे बहुतांशी माझ्यासारख्यांवर, हाच प्रयोग केला. वर्षअखेर दोन्ही गटांतल्या माणसांना सारखेच बरे वाटत होते. त्यानंतर चार वर्षांनी तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये स्पष्टच लिहिले की झिजलेल्या गुडघ्यासाठी दूरबिणीची शस्त्रक्रिया जवळजवळ कोणालाही सुचवू नये. माझ्या हातातली तारीख त्या शिफारशीच्या नंतरची होती.

आता त्या चिठ्ठीविषयी. फिजिओथेरपी म्हणजे शेक, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. दवाखान्यात गेले की पलंगावर झोपवतात, वायरी जोडलेल्या पट्ट्या चिकटवतात, मुंग्या आल्यासारखे होते, मग गार जेल लावून एक चकती गुडघ्यावरून फिरवतात आणि वीस-पंचवीस मिनिटांनी माणूस घरी येतो. दहा दिवसांचे पैसे आगाऊ भरलेले असतात. या यंत्रांनी घटकाभर बरे वाटते, नाही असे नाही. पण त्यांनी स्नायूत एक तंतूही वाढत नाही. माझे नशीब असे की मी ज्या मुलीकडे गेले (वयाने माझ्या विद्यार्थिनींसारखी, म्हणून मुलगी म्हणते) तिने यंत्राकडे पाहिलेसुद्धा नाही. एका सोसायटीच्या तळमजल्यावरची तिची खोली, भिंतीला रबरी पट्टे टांगलेले, एका कोपऱ्यात लाकडी पायऱ्यांचा तुकडा. तिने टेप घेऊन माझ्या दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. डावी मांडी उजवीपेक्षा चांगलीच बारीक झाली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

मग तिने टॉवेलची गुंडाळी करून डाव्या गुडघ्याखाली ठेवली. ‘‘काकू, टॉवेल खाली दाबा. पाच मोजा. सोडा.’’ मी दाबले. मांडीच्या पुढच्या बाजूचा, वाटीच्या जरा वर आतल्या अंगाला असलेला स्नायू आवळला जायला हवा होता, तो हलेना. दुसऱ्याच पायाचा आवळला जाई, पोट आवळले जाई, दात आवळले जात, पण तो हलेना. तिने त्या जागी दोन बोटे टेकवली आणि म्हणाली, ‘‘इथं. माझी बोटं वर ढकला.’’ बऱ्याच वेळाने तिथे एक थरथर उमटली. तिने समजावून सांगितले की सांधा दुखरा किंवा सुजलेला असला की मेंदू त्याच्याभोवतीच्या स्नायूला मिळणारा हुकूमच रोखून धरतो. स्नायू वापरात राहत नाही म्हणून बारीक होतो, तो बारीक झाला की पायरी उतरताना बसणारा धक्का त्याने झेलायचा तो सांध्याला झेलावा लागतो, सांधा अधिक दुखतो आणि हुकूम आणखी अडतो. विश्रांती या चक्राला तेलच घालते.

पहिले काही आठवडे टॉवेल, सरळ पाय उचलणे आणि खुर्चीवरून हात न टेकता उठणे एवढेच होते. मग घोट्याला बांधायचे वजन आले; तिच्याकडे वाळू भरलेले पट्टे होते, मी घरी जुन्या ओढणीत एक किलो मिठाची पिशवी बांधत असे. त्यानंतर पायरी. आमच्याकडे जेवायला बसायचे जुने सागवानी पाट आहेत. एक पाट भिंतीलगत ठेवायचा, त्यावर डाव्या पायाने उभे राहायचे आणि उजवी टाच जमिनीला नुसती लागेल इतकेच, सावकाश, डावा गुडघा वाकवत खाली जायचे. एका पाटाची उंची सोसू लागल्यावर त्यावर दुसरा पाट. समोर आरसा हवा, कारण थकले की गुडघा आत, दुसऱ्या गुडघ्याकडे कलंडतो आणि तो तसा कलंडू द्यायचा नसतो. हे वाचायला इतके क्षुल्लक वाटते की ते उपचार आहेत यावर माझ्या घरच्यांचा विश्वास बसत नव्हता. गोळीला मात्रा असते तशी यालाही असते: किती वेळा, किती वजन, किती दिवसांनी वाढवायचे, हे सारे ठरलेले असते आणि त्यात ढिलाई झाली की औषध अर्धवट घेतल्यासारखाच परिणाम होतो.

दुखले तर काय करायचे याचाही तिचा नियम होता, आणि मला वाटते संपूर्ण उपचारात सर्वांत मोलाची गोष्ट तीच होती. दहापैकी तीन-चारपर्यंत दुखणे चालेल. व्यायाम संपल्यावर ते ओसरायला हवे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा कालच्यापेक्षा सुजलेला किंवा आखडलेला नको. तसे झाले तर मात्रा कमी करायची, थांबायचे नाही. ‘‘दुखतंय की ताणतंय, ते आधी सांगा,’’ असे ती दर वेळी म्हणे, आणि हा फरक कळायला मला पुष्कळ दिवस लागले. आपल्याला वेदना म्हणजे इजा असेच शिकवलेले असते. जुनाट दुखण्यात हे समीकरण सुटते. मज्जासंस्था इतकी हळवी होते की हानी न होताही कळ उठते. व्यायामाने स्नायू बळकट होतो हे खरेच, पण त्याबरोबर या हळव्या झालेल्या यंत्रणेला, इतका भार सोसतो, काही बिघडत नाही, याची पुन्हा सवय लागते, हेही तितकेच खरे असावे असे मला स्वतःवरून वाटते.

आपल्याकडे सांध्याची तुलना हटकून गाडीच्या टायरशी केली जाते: जेवढे चालाल तेवढे झिजेल, म्हणून जपून वापरा. ही तुलना पार चुकीची आहे, कारण टायर मेलेले रबर आहे आणि कुर्चा जिवंत आहे. हाडांच्या टोकांवरच्या या गुळगुळीत थरात रक्तवाहिन्या नसतात. त्याला पोषण मिळते ते सांध्यातल्या द्रवातून, आणि तो द्रव आत-बाहेर होण्यासाठी कुर्चेवर दाब पडावा लागतो व सुटावा लागतो. म्हणजे चालणे हेच तिचे जेवण. एक्सरे पाहून ‘गॅप कमी झाली’, ‘ग्रीस संपले’ असे सांगितले जाते तेव्हा माणूस घाबरून चालणे सोडतो आणि उरलेल्या कुर्चेचे पोषणही थांबवतो. नुकसान होते ते एकाएकी वाढवलेल्या भाराने. आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी थेट सिंहगड चढणारे आणि त्याहून वाईट म्हणजे धावत उतरणारे पुण्यात हजारो आहेत. उतरताना वाटीवर येणारा दाब चढतानापेक्षा जास्त असतो, म्हणून गुडघा धरला जातो तो बहुधा उताराच्या शेवटच्या टप्प्यात. गड सोडायची गरज नसते. आठवड्यातले मधले सहा दिवस कोरे राहू नयेत एवढेच.

वजनाचा विषय निघाला की सगळ्यांना राग येतो, मलाही आला होता. पण आकडा असा आहे की त्यापुढे गणिताच्या शिक्षिकेने मान तुकवावी. झिजलेल्या गुडघ्याच्या वजनदार माणसांना प्रयोगशाळेत चालवून केलेल्या मोजणीत असे दिसले की शरीराचे वजन एक किलोने उतरले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने उतरतो. दिवसाची पावले हजारांत असतात. पाच किलोंचा गुणाकार ज्याचा त्याने करावा.

स्नायू हाडाला ज्या दोरीने बांधलेला असतो त्या कंडरेच्या दुखण्याची गोष्ट याहून मजेशीर आहे. स्वीडनमधील हाकन आल्फ्रेडसन या अस्थिशल्यतज्ज्ञाची टाचेमागची कंडरा जुनाट दुखत होती आणि तिच्यावर शस्त्रक्रिया व्हावी असे त्याला वाटत होते. वरिष्ठांनी नकार दिला. तेव्हा, त्यानेच पुढे सांगितल्याप्रमाणे, त्याने हट्टाने ठरवले की कंडरा इतकी राबवायची की ती तुटावी, म्हणजे शस्त्रक्रिया करावीच लागेल. तो पायरीच्या कडेवर उभा राहून टाच वजनासकट खाली सोडण्याचा व्यायाम दुखण्याची पर्वा न करता करत राहिला आणि कंडरा तुटायच्या ऐवजी बरी झाली. मग १९९८ मध्ये त्याने पंधरा हौशी खेळाडूंवर, दिवसाला १८० वेळा आणि बारा आठवडे, असा हा व्यायाम करवून घेऊन त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते सारे पुन्हा धावू लागले होते. पुढच्या संशोधनाने १८० चा आकडा सर्वांसाठी आवश्यक नाही असे दाखवले, सावकाश आणि जड वजनाने कमी वेळा केले तरी चालते. पण कंडरेला बरे करायला भारच लागतो हे सूत्र टिकले.

खडू धरून उभे आयुष्य गेल्यामुळे मला कोपराच्या बाहेरच्या बाजूचेही दुखणे झाले. टेनिसची रॅकेट मी कधी हातात धरलेली नाही, तरी त्याला टेनिस एल्बो म्हणतात. कपडे पिळताना, कढई एका हाताने उचलताना जीव जाई. इथे स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा मोह फार मोठा असतो, कारण त्याने चार-आठ दिवसांत जादू झाल्यासारखे वाटते. ब्रिस्बेनमध्ये १६५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार आठवड्यांनी इंजेक्शनवाले पुढे होते, आणि वर्षाअखेर, इंजेक्शनमध्ये औषधच नव्हते अशा रुग्णांपेक्षाही मागे पडले होते. दुखणे उलटण्याचे प्रमाण त्यांच्यात बरेच जास्त होते. मी पाण्याची भरलेली बाटली हातात धरून मनगट हळूहळू खाली सोडण्याचा व्यायाम केला, कढई दोन्ही हातांनी उचलली आणि काही महिने कपडे पिळण्याचे काम घरातल्या दुसऱ्या माणसाकडे सोपवले. ते काम त्याच्याकडून परत घ्यायचे मी अजून विसरलेलेच आहे.

गुडघ्यात घ्यायच्या स्टेरॉइडचेही असेच. सांधा सुजून व्यायामच करता येत नसेल तर एखादे इंजेक्शन दार उघडून देते, हे मान्य. पण दर तीन महिन्यांनी, दोन वर्षे ते घेणाऱ्यांच्या गुडघ्यांत खारट पाण्याचे इंजेक्शन घेणाऱ्यांपेक्षा कुर्चा अधिक घटलेली आढळली, आणि दुखण्यात काहीच फरक नव्हता. हा अमेरिकेतला अभ्यास १४० जणांवरचा, २०१७ चा. आपलेच रक्त घुसळून त्यातला प्लेटलेटयुक्त भाग गुडघ्यात टोचतात त्या पीआरपीची सध्या शहरोशहरी मोठी चलती आहे. ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर केलेल्या आणि २०२१ मध्ये आलेल्या चाचणीत वर्षभरानंतर ती खारट पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरली नाही. ‘वंगणाची’ इंजेक्शने आणि ग्लुकोसामिनच्या गोळ्या देऊ नयेत असे ब्रिटनमधील नाइस या, कोणते उपचार द्यावेत याची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या संस्थेने २०२२ मध्ये लिहून ठेवले आहे आणि त्याच पानांवर पहिल्या क्रमांकावर व्यायाम, वजन आणि माहिती यांना बसवले आहे. वरून चोळायचे वेदनाशामक जेल मात्र गुडघ्यासाठी ती संस्थाही सुचवते, आणि ते पोटातल्या गोळीपेक्षा जठर आणि मूत्रपिंडांना बरेच सुरक्षित असते. आमच्या पिढीतल्या बायका मेडिकलवाल्याला विचारून वेदनाशामक गोळ्या रोज घेतात, रक्तदाबाची गोळी चालू असतानाही घेतात, आणि पाय सुजू लागले की गुडघ्याला दोष देतात. याची मला खरी भीती वाटते.

मुरगळलेल्या घोट्याविषयी थोडक्यात. पाय मुरगळला की आंबेहळद-तुरटीचा गरम लेप लावणे निरुपद्रवी आहे, पण ताज्या इजेवर हाडवैद्याकडून जोर लावून चोळून घेणे घातक ठरू शकते; आत हाड मोडलेले असेल तर ते सरकते. हाड मोडले की नाही हे ठरवण्याचे सोपे निकष कॅनडातल्या ओटावा येथे इयन स्टील यांनी १९९२ मध्ये मांडले: घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या मागच्या कडेवर वा टोकावर दाबल्यावर दुखत असेल, किंवा लागल्यावर लगेच आणि दवाखान्यात आल्यावरही चार पावले टाकता येत नसतील, तर एक्सरे काढावा. पावलाच्या मधल्या भागासाठी असेच आणखी दोन बिंदू आहेत. बर्फाविषयी मतांतर झाले आहे. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि उंचावर पाय हे सूत्र १९७८ मध्ये रूढ करणारे गेब मर्किन हे डॉक्टर स्वतःच २०१४ मध्ये म्हणाले की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी भरून येणे लांबते. वेदना शमवण्यापुरता बर्फ लावावा, आणि सोसेल तसा भार लवकर द्यावा, हे आजचे धोरण. ज्या गोष्टीकडे जवळजवळ सगळेच दुर्लक्ष करतात ती म्हणजे तोल. घोट्याचा अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, ताणला गेला की त्यातली, पाय कोणत्या कोनात आहे हे मेंदूला कळवणारी यंत्रणाही बिघडते. सूज गेली तरी ती आपोआप सुधारत नाही, आणि तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. दात घासताना एका पायावर उभे राहणे हा त्यावरचा फुकटचा इलाज आहे.

माझ्या ताईचा खांदा जाम झाला होता. तिला मधुमेह आहे, आणि मधुमेहींमध्ये हे दुखणे कितीतरी जास्त आढळते. मागे हात नेऊन ब्लाउजचे हुक लावता येईनात, वेणी घालता येईना, रात्र बसून काढावी लागे. तिच्या बाबतीत सुरुवातीलाच दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने फार चांगला आराम पडला (साखर काही दिवस चढली, ती सांभाळावी लागली), म्हणजे मी वर इंजेक्शनांविषयी जे लिहिले ते प्रत्येक सांध्याला सरसकट लावू नये. नंतर टेबलावर एक हात टेकून, वाकून, दुसरा हात सैल सोडून झुलवणे आणि भिंतीवर बोटे चालवत वर नेणे, असे तिचे महिनोन्महिने चालले. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फिजिओथेरपी व इंजेक्शन, भूल देऊन खांदा मोकळा करणे आणि दूरबिणीची शस्त्रक्रिया हे तिन्ही मार्ग वर्षअखेर जवळपास एकाच जागी पोहोचले होते. ताईला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘‘मग भूल कशाला घ्यायची गं?’’

पैशांचे गणित मात्र उलटे आहे. केंद्र सरकारच्या औषध किंमत नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा नेहमीचा गुडघा ५४,७२० रुपये अधिक कर या मर्यादेत आला. हे चांगलेच झाले. मेडिक्लेममधून त्याचा आणि रुग्णालयाचा खर्च बहुधा निघतो, कारण माणूस दाखल झालेला असतो. तीन महिने आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला जाणारा माणूस कुठे दाखल झालेला नसतो, म्हणून बहुतेक पॉलिसींत त्याच्या हाती काही पडत नाही. रिक्षाचे भाडे वेगळे, सुट्टी वेगळी. तालुक्याच्या गावी व्यायाम शिकवणारी माणसेच कमी. रोज शेतात वाकून काम करणाऱ्या बाईला ‘तीन महिने मनापासून करा’ हे सांगणे सोपे नाही, आणि तिने वेदनाशामक गोळीवर दिवस ढकलले तर तिला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून थोडी माहितीसत्रे आणि मग देखरेखीखाली सामूहिक व्यायाम असा एक कार्यक्रम देशभर चालतो. गुडघ्याच्या व खुब्याच्या रुग्णांना त्यात गटाने शिकवतात. आपल्याकडे महिला मंडळे, भिशी, भजनी मंडळे असताना हे अशक्य का वाटावे, कळत नाही.

शस्त्रक्रियेच्या विरोधात मी नाही. सांधा गरम होऊन सुजला आणि ताप आला तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवे, कारण सांध्यातला जंतुसंसर्ग दिवसांत कुर्चा खाऊन टाकतो. गुडघा अडकून बसला, चकतीचा तुकडा मध्ये आला, तरुण माणसाच्या खांद्याची कंडरा पडल्यामुळे पूर्ण तुटली, तर सर्जनच हवा. गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध, म्हणजे क्रिकेट-कबड्डीवाल्यांच्या बोलण्यातला एसीएल, तुटला तर? स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या माणसांपैकी अर्ध्यांवर लगेच शस्त्रक्रिया केली आणि ५९ जणांना आधी व्यायाम, लागलीच तर नंतर शस्त्रक्रिया, असा पर्याय दिला. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत फरक नव्हता. पाच वर्षांत ५९ पैकी ३० जणांनी शस्त्रक्रिया करून घेतली, उरलेल्यांना ती लागली नाही. ज्याचा गुडघा वळताना दगा देतो त्याने ती करावी. इतरांना थांबून पाहायला अवकाश आहे.

बदलण्याजोग्या झिजलेल्या गुडघ्याबद्दलही डेन्मार्कचाच एक अभ्यास आहे, २०१५ चा. शंभर जणांपैकी निम्म्यांचे गुडघे बदलून मग त्यांना व्यायाम, आहार वगैरे दिले, निम्म्यांना नुसतेच व्यायाम, आहार वगैरे दिले. वर्षानंतर गुडघा बदललेले निःसंशय अधिक बरे होते. गंभीर गुंतागुंतीही त्यांच्यातच अधिक झाल्या. आणि नुसत्या व्यायामाच्या पन्नास जणांपैकी वर्षभरात तेराच जणांनी गुडघा बदलून घेतला. म्हणजे गुडघा बदलणे हा चांगला उपचार आहे, फक्त तो रांगेत शेवटी उभा असावा.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी दोन्ही गुडघे बदलून घेतले. त्यांचे खरोखरच सगळे उपाय करून झाले होते, पाय धनुष्यासारखे वाकले होते, आणि आता त्या माझ्याआधी जिना चढून जातात. शस्त्रक्रिया झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट त्यांच्या खाटेपाशी आली आणि तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवली. वहिनींनी फोनवर मला तो व्यायाम मोठ्या नवलाईने समजावून सांगितला. मी त्यांना पाच मोजताना श्वास रोखू नका असे सांगितले, आणि त्या घरी आल्यावर आमचे पाट त्यांच्याकडे पाठवले.